तिसऱ्या हाकेला

मी काय काम करते ते माझ्या आईला आजवर नीट कळलेलं नाही, आणि त्यात तिचा काहीएक दोष नाही. कणकवलीत कुणी विचारलं की ती सांगते, आमची अन्विता तिकडे मराठवाड्यात अळ्या मोजते. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. मी एकदा तिला समजावायला गेले, की अगं, मी पीएच.डी. करते, आणि ती करता करता डॉ. पोंक्षे मॅडमच्या प्रकल्पात संशोधन सहायक म्हणून काम करते, त्याचं विद्यावेतन मिळतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग अळ्या कोण मोजतं. अळ्या मीच मोजायची.

संशोधन सहायक म्हणजे धड विद्यार्थी नाही आणि धड नोकरदारही नाही. दिवसभर मार्गदर्शकाचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात स्वतःचा प्रबंध लिहायचा. उरलेला वेळ उरतच नाही, हा भाग जाहिरातीत नसतो. जाहिरातीत होतं की वनस्पती आणि कीटक यांच्या परस्परसंबंधांत रस असावा आणि उन्हात काम करायची तयारी असावी. मला रस होता. उन्हाचं वाक्य मी घाईत वाचलंच नाही, आणि मांजरा नदीच्या काठावरच्या संशोधन केंद्रात येऊन पडले.

पोंक्षे मॅडमनी मला घेतलं तेव्हा दोन विद्यापीठांनी मला नाकारलं होतं. माझे गुण बेताचे, शिफारस कुणाची नाही. मुलाखतीत मॅडमनी टेबलावर हरभऱ्याची एक डहाळी ठेवली आणि म्हणाल्या, काय दिसतं ते सांग. मी बोलत सुटले. पानावरची आंब, म्हणजे हरभरा अंगावर सोडतो ते आंबट पाणी, कडा कुठून कुरतडल्या आहेत, अळी लहान असताना खाल्लं की मोठी झाल्यावर, सगळं बडबडले. शेवटी मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवारी ये. टोपी घेऊन ये." त्या बाईंसाठी मी जीव टाकला असता, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

आता त्या प्रकल्पाबद्दल सांगते. झाड मुकं असतं असं आपण समजतो, पण ते बोलतं, फक्त आवाजानं नाही, वासानं. हरभऱ्याच्या पानाला घाटेअळी लागली की अळीची लाळ पानाच्या जखमेत उतरते. झाडाला ती लाळ ओळखता येते. मग ते हवेत काही वास सोडतं, नुसत्या तुटलेल्या पानाला येतो त्यापेक्षा वेगळे. आपल्या नाकाला त्यातला फरक कळत नाही. पण जिऱ्याएवढी एक काळी माशी असते, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली, तिला तो बरोबर कळतो. ती वासाचा माग काढत येते, अळीच्या अंगात अंडं घालते, आणि अंड्यातून निघालेलं पोर त्या अळीला आतून खाऊन संपवतं. म्हणजे झाड हाक मारतं आणि माशी ओ देते. माणसानं शेती शिकण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलेलं आहे.

अडचण एवढीच, की झाडाची हाक फार लांब पोचत नाही. मॅडमनी अर्धं आयुष्य त्या वासांचं मिश्रण ओळखण्यात घातलं, आणि मग जुनेद तांबोळीनं त्याची पेटी बनवली. जुनेद माझ्याबरोबरचाच सहायक, इलेक्ट्रॉनिक्समधून आलेला, त्याला अळीची किळस. काठीवर बसवलेली डब्याएवढी पेटी. तिला आसपासच्या झाडांची हाक हुंगता यायची, आणि तेच वास ती जोरात, लांबवर सोडायची. मॅडमनी तिचं नाव 'हाक' ठेवलं. पहिल्या हिवाळ्यात आमच्या शेतावर माश्यांचे थवे उतरले. औषधाचा एक थेंब न फवारता घाटे भरले. मी पेट्यांखालच्या चिकट कागदांवरच्या माश्या मोजायची आणि मोजता मोजता हसायची. माझ्या प्रबंधाचा निम्मा भाग त्या एका हंगामात उभा राहिला.

दुसऱ्या वर्षी जुनेदला एक युक्ती सुचली. अळी येईपर्यंत वाट कशाला बघायची? पेटीनं आधीपासूनच हाक मारत राहावं, म्हणजे माश्या पहाऱ्यावर हजर असतील आणि अळी आली की तिथेच तिचा निकाल लागेल. मॅडमनी थोडा विचार केला आणि हो म्हणाल्या. मीही हो म्हणाले. युक्ती चांगलीच होती, आजही ऐकणाऱ्याला चांगलीच वाटते.

त्याच सुमारास माझ्या फोननं आईशी बोलायला सुरुवात केली. तेव्हा नुकतीच ती सोय आली होती. आधी फोन नुसती आठवण करायचा, की आज आईला फोन केला नाहीत. मग कंपनीनं पुढची पायरी आपणहून चालू केली. मी कामात असले तर फोनच माझ्या आवाजात आईला फोन लावायचा, जेवलीस का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायचा आणि तिची उत्तरं मला लिहून दाखवायचा. मी ते बंद केलं नाही. दिवसभर उन्हात वाकून संध्याकाळी जीभ हलत नसे, आणि आईशी कुणीतरी बोलतंय ना, असं वाटायचं. पण पुढे पुढे आई फोन उचलेनाशी झाली. मी स्वतः केला तरी पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा उचलायची. मला राग यायचा. म्हातारीला ऐकू येईनासं झालं की काय, असंही मनात आलं.

तिसऱ्या हिवाळ्यात आमची पेटी केंद्राबाहेर निघाली. पौषात तालुक्यातल्या सगळ्या हरभऱ्यावर ती बसणार होती. मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. सगळ्या तालुक्यात त्यांची हाक घुमल्यावर त्यांनी घरी जायचं, असं सगळं जुळून आलं होतं.

त्या हंगामात एका सकाळी मी भाजी खुडायला नियंत्रण पट्ट्यात गेले. नियंत्रण पट्टा म्हणजे शेताचा तो भाग जिथे पेटी नसते, औषध नसतं, झाड आपलं आपण असतं. कोवळ्या हरभऱ्याजवळून जाताना शेंडे खुडायचे नाहीत, हे इथल्या माणसाला जमतच नाही, आणि मीही एव्हाना इथलीच झाले होते. शेंडे खुडले की हात आंबट होतात, त्यात एखादी अळी चिरडली जातेच. पहिल्या वर्षी असे हात घेऊन नुसतं उभं राहिलं तरी काळ्या माश्या बोटांवर येऊन बसायच्या. गुदगुल्या व्हायच्या. त्यांना वाटायचं, हेच ते झाड.

त्या सकाळी मी ओटीभर भाजी खुडली आणि हातावर एकही माशी बसली नाही.

आधी मला काही वाटलंच नाही. भाजी निवडताना लक्षात आलं. परत गेले, मुद्दाम अळी लागलेली झाडं निवडून खुडली, हात पुढे करून उभी राहिले. ऊन चढलं. झाडं ओरडत होती, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण हवा हुंगणारं यंत्र ते दाखवत होतं. आणि कुणी येत नव्हतं. पेट्यांखालचे चिकट कागद पाहिले तर त्यांवरही माश्यांची संख्या रोडावलेली. ते आकडे मीच लिहीत होते आणि थंडी जास्त आहे असा शेराही मीच मारत होते.

मी मॅडमकडे गेले. त्या उद्घाटनाचं भाषण लिहीत होत्या. वारा उलटा असेल, म्हणाल्या. पट्टा लहान आहे, म्हणाल्या. एका सकाळच्या निरीक्षणावर मत बनवू नये हे मी तुला शिकवलं नाही का, असंही म्हणाल्या. ते त्यांनी शिकवलंच होतं.

मग मी काचेची नळी काढली. इंग्रजी वायच्या आकाराची ही नळी आमच्या धंद्यातलं सगळ्यात साधं हत्यार आहे. माशीला खालच्या तोंडातून आत सोडायचं. एका फाट्यातून अळी लागलेल्या झाडाचा वास, दुसऱ्यातून साध्या हवेचा. माशी फाट्यावर येते, थांबते आणि झाडाकडे वळते. आमच्या शेतातल्या माश्या फाट्यावर आल्या, थांबल्या आणि मिशा पुसत बसल्या. मांजर तोंड धुतं ना, तशा. एकेकीला मी ताटकळत पाहत राहिले. कुठेच जाईनात.

जुनेदला दाखवलं तर तो म्हणाला की वास कमी पडत असेल, आपण जोर वाढवू. मग माझा चेहरा बघून, नेहमीसारखा आडनावानं हाक मारत म्हणाला, "धुरी, तुझा प्रबंध या पेटीवर आहे. माझाही आहे. पेटी बंद पडली की प्रकल्प बंद, आणि प्रकल्प बंद की आपण दोघं घरी. आधी प्रबंध दे, मग काय शोधायचं ते शोध." तो वाईट माणूस नाही. घरी त्याचे वडील त्याच्या नावापुढे डॉक्टर लावून मोकळे झाले होते.

मी पुन्हा मॅडमकडे गेले, नळीची चित्रफीत घेऊन. त्यांनी पूर्ण पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "मला उद्या मंत्रालयात जायचं आहे." आणि फाइल उचलून निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी व्हरांड्यात बसून रडले. त्या बाईंनी मला पाहायला शिकवलं, आणि मी पाहिलेलं त्यांना नको होतं.

तिथूनच आईला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा उचलला आणि मी तिच्यावरच घसरले, की एकदा वाजल्यावर उचलायला तुला काय होतं?

आई म्हणाली, "तुझा मशीन एकदाच हाक मारता, गो. माणूस परत परत मारता. तिसऱ्या हाकेक ओ देवची, म्हणजे तू असतंस."

मी गारच पडले. तिला सगळं ठाऊक होतं. लहानपणी आम्हाला सांगायची, की काळोखात कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ देऊ नये, भूत एकदाच हाक मारतं, आपलं माणूस तीनदा मारतं. मी हसायची त्याला. फोनमधलं भूत मीच तिच्या मागे लावून दिलं होतं आणि तिनं तिचा जुना नियम काढला होता. मी विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली की पहिल्यांदा वाटलं. रोज कुणीतरी गोड बोलायचं, पण त्याला तिच्याकडून काही नको असायचं. मग तिनं पहिल्या हाकेला उचलणंच सोडलं.

फोन ठेवला आणि मला माश्या दिसल्या. त्यांचंही नेमकं तेच झालं होतं. माशी काही मूर्ख नसते. वासामागे गेलं आणि अळी सापडली, की तो वास तिला पक्का लक्षात राहतो. गेलं आणि काहीच सापडलं नाही, पुन्हा गेलं आणि पुन्हा सापडलं नाही, की ती तो वास सोडून देते. आणि ज्या जन्मतःच त्या वासाला फारशा भुलत नाहीत, त्यांनाच रिकामे हेलपाटे कमी पडतात, त्यांचीच पोरं जास्त जगतात. माशीची पिढी काही आठवड्यांची असते. हंगाम उलटेपर्यंत सगळी वस्तीच बहिरी होऊ शकते. बिचारीला आईसारखी तिसऱ्या हाकेची सोयही नव्हती, कारण आमची पेटी अहोरात्र हाक मारत होती.

खात्री करायला मी बस धरून बालाघाटाच्या डोंगरात गेले, जिथे आमची पेटी कुणी ऐकलेलीही नव्हती. तिथल्या हरभऱ्यावरच्या अळ्या गोळा केल्या, त्यांतून निघालेल्या माश्या वाढवल्या, आणि तीच नळी, तेच झाड लावलं. एकूण एक माशी सरळ झाडाकडे गेली. आता दोष वाऱ्याचा नाही, थंडीचा नाही, नळीचा नाही. जे काही होतं ते आम्ही केलेलं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी केंद्राच्या शेतात मांडव होता. गावोगावची माणसं आपापली पेटी मांडीवर घेऊन बसली होती, कुणी लहान मूल घेऊन बसावं तशी. मॅडमच्या अंगावर जरीकाठाची साडी होती, ती मी पहिल्यांदाच पाहत होते. कळ दाबली की तालुक्यातल्या सगळ्या पेट्या एकदम सुरू होणार होत्या. मॅडम भाषण संपवून कळीपाशी गेल्या.

मी मागून म्हटलं, "मॅडम."

त्यांनी ऐकलं. मान जरा ताठ झाली, पण वळल्या नाहीत. मी पुन्हा म्हटलं, "मॅडम." जुनेदनं माझा हात धरला. मांडवातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझं विद्यावेतन, माझा प्रबंध, त्या सोमवारची ती टोपी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि सगळ्यात जास्त भीती याची होती की या बाई यापुढे माझ्याशी कधी बोलणार नाहीत. तरी मी तिसऱ्यांदा म्हटलं, "मॅडम, पहिल्या वर्षी आपण झाडाची हाक पुढे पोचवत होतो. नंतर आपण झाडाच्या नावानं हाका मारायला लागलो. आता खऱ्या हाकेला कुणी येत नाही."

मॅडम वळल्या. मग मांडवातून बाहेर पडल्या आणि साडी सावरत सरळ नियंत्रण पट्ट्यात गेल्या. सगळी सभा आपापल्या जागी उठून उभी राहिली. मॅडमनी अळी लागलेल्या झाडांचे शेंडे खुडले, हात हिरवे होईपर्यंत खुडले, आणि तळवे उघडून उभ्या राहिल्या. मी शेजारी उभी राहिले. हवेत एक माशी नव्हती. त्यांच्या जरीवर आंब उतरून डाग पडला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात उघडे ठेवायचे होते.

परत येऊन त्यांनी माणसांना सांगितलं की पेट्या घरी नेऊ नका, आमच्याकडून चूक झाली आहे, आणि ती काय आहे हे ही मुलगी तुम्हाला सांगेल. मी सांगितलं. पहिल्या ओळीतले एक आजोबा मांडीवरची पेटी जमिनीवर ठेवून म्हणाले की आता माश्या परत कधी ऐकायला लागतील? मला उत्तर ठाऊक नव्हतं आणि मी तसंच सांगितलं.

प्रकल्प बंद झाला. जुनेद पुण्याला गेला. वर्षभर माझ्याशी बोलला नाही, नंतर एक दिवस त्याचा फोन आला आणि त्यानं पहिलं वाक्य हेच म्हटलं, की धुरी, मीच आहे, मशीन नाही. मी लातूरला एका महाविद्यालयात शिकवते. प्रबंध नव्यानं लिहितेय, माश्यांच्या बहिरेपणावर. माझा फोन आता कुणाला माझ्या नावानं फोन करत नाही. रोज संध्याकाळी मीच करते, आणि आई अजून तिसऱ्यांदाच उचलते. भरवसा गेला की असा एका दिवसात परत येत नाही, हे मला आता कुणी शिकवायला नको.

मॅडम निवृत्त झाल्या, पण पुण्याच्या घरी गेल्या नाहीत. केंद्राजवळच एक खोली घेऊन राहिल्या. पेट्या बंद आहेत. डोंगरातल्या माश्या हळूहळू खाली उतरतील, आणि इथल्यांपैकी ज्या अजून ऐकतात त्यांची पोरं वाढतील, असा आमचा हिशेब आहे. रविवारी मी जाते. आम्ही दोघी नियंत्रण पट्ट्यात शेंडे खुडतो आणि हात पुढे करून उभ्या राहतो. पहिला हिवाळा असाच गेला. दुसराही गेला. भाजी तेवढी भरपूर खाल्ली.

हा तिसरा. गेल्या रविवारी ऊन कोवळं होतं, मॅडम गुडघ्यावर हात ठेवून वाकत होत्या आणि मी त्यांना बसा म्हणत होते. त्यांनी खुडलं, तळवा उघडला. माझं लक्ष नदीकडे होतं, म्हणून ती आली कुठून ते मला दिसलं नाही. पाहिलं तेव्हा मॅडमच्या बोटाच्या टोकावर जिऱ्याएवढं काळं काहीतरी होतं. एकच माशी. ती दोन पावलं पुढे आली आणि थांबून मिशा पुसायला लागली.

मॅडमनी श्वास धरून ठेवला होता. बोट न हलवता, माशी दचकेल अशा भीतीनं अगदी हळू म्हणाल्या, "अन्विता, हिला सांग गं, या वेळी खरंच आहे."